बर्फराखणीचा कायदा

वॉशिंग्टन,
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय देल्फीन,

तुझं पत्र आणि बकव्हीटच्या पिठाची पिशवी एकाच दिवशी पोचली. रविवारी मिस्सानंतर प्लॉय केले. तव्यावर टाकल्याबरोबर भोकं पडली, पण तुझ्या आईच्या प्लॉयना पडायची तशी नाही. इथलं पाणी वेगळं असेल, किंवा माझा हात. शेजारच्या मिसेस ब्रॅनिगननी एक खाल्ला आणि विचारलं, "ही धिरडी दुसऱ्या बाजूने भाजायची राहिलीत का?" मी म्हटलं, "आमच्याकडे यांना एकच बाजू असते." त्यांना ते पटलं नाही.

आता एक गोष्ट सांगते. घाबरू नकोस.

आमच्या समितीचे अध्यक्ष मिस्टर विकहॅम यांनी यंदा एक काम हाती घेतलंय. सरकारचे जे कार्यक्रम मुदत संपूनही चालू आहेत, ते एकेक करून तपासायचे. त्यांची यादी दर वर्षी येते आणि दर वर्षी ती कपाटात जाते. या वेळी ती माझ्या टेबलावर आली. तिच्यात, बऱ्याच खाली, तुमची बर्फराखण होती. उत्तरेकडच्या नद्यांवर बर्फ बघणारे राखणदार नेमण्याचा कार्यक्रम. मोठ्या पुरानंतर केलेला पाच वर्षांचा कायदा. ती पाच वर्षं १९८१ मध्येच संपली.

तुला हे विचित्र वाटेल, म्हणून समजावून सांगते. एक कायदा म्हणतो, 'हे काम करा.' दुसरा दर वर्षी म्हणतो, 'या कामाला हे घ्या पैसे.' पहिल्याची मुदत सरली तरी दुसरा येत राहतो. सवयीने येत राहतो. निम्मं सरकार असंच चालतं, त्यात चोरीचं काही नाही. फक्त तुमचं नाव कागदावर दिसलं आणि मला एकदम फेर्नां आठवला. खांद्यावर बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन तुझा नवरा नदीच्या मधोमध उभा, आणि आपण काठावरून ओरडतोय, "पाय जपून टाक!"

म्हातारा ओनेझिम अजून नदीच्या वळणावरच राहतो का?

तुझी,
लेओनी


सेंट ओदिल, मेन,
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय लेओनी,

घाबरू नकोस असं लिहून तू मला चांगलंच घाबरवलंस.

म्हणजे फेर्नां गेल्यापासून मी ज्या कामावर आहे, ते काम कायद्यात नाहीच? मी राखणदारांना मानधन वाटते, वळणावरच्या टेलिफोनचं बिल सरकारकडे पाठवते, पूर कार्यालयाला फोन करून ऐटीत सांगते, "बर्फराखण, सेंट जॉन नदी, वरचा टप्पा." आणि हे सगळं कोणाच्या परवानगीने, तर सवयीच्या!

बटाट्याच्या गोदामात सगळे राखणदार जमले होते तेव्हा मी विषय काढला. ओनेझिम म्हणाला, "मला काय त्याचं? मी नदीवर माझ्या बापाच्या परवानगीने जातो." मादाम डेग्ल म्हणाली, "तुझ्या बापाला तरी कुणी दिली होती? तो तर पलीकडच्या काठावरून चोरटी दारू आणायला जायचा." सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर हसू आलं नाही.

हो, ओनेझिम वळणावरच आहे. ऐंशीला टेकलाय. त्याच्या घरापलीकडे रस्ता संपतो आणि बर्फ पहिल्यांदा तिथेच अडून साचतं, म्हणून त्याचा फोन हा आमचा खरा फोन. बाकी आम्ही सगळे त्याच्यानंतर.

मला असं बिनपरवानगीचं राहायचं नाही. कायदा नव्याने करून घ्यायचा तर काय करावं लागतं?

देल्फीन

ता. क. प्लॉयचं पीठ गार पाण्यात भिजव आणि शेवटी उकळतं पाणी ओत. पाण्याला दोष देऊ नकोस.


वॉशिंग्टन,
२० नोव्हेंबर १९९६

प्रिय देल्फीन,

काहीही करू नकोस. हे मी तुला मैत्रीण म्हणून सांगतेय आणि इथे वीसेक वर्षं बसलेली बाई म्हणूनही.

सभागृहाचा एक जुना नियम आहे. ज्या कामाला चालू कायदा नाही, त्याला पैसे देता येत नाहीत. कोणीही एक सभासद उभा राहून हरकत घेऊ शकतो, आणि पैशांच्या विधेयकातली त्या कामाची ओळ तिथल्या तिथे गळते. मतदानसुद्धा होत नाही. मग ही सगळी कामं टिकतात कशी? तर नियमांची समिती आधीच ठरवते की या ओळींवर हरकत घेता येणार नाही. ते पांघरूण दर वर्षी सगळ्यांवर एकदम घातलं जातं. त्याखाली कोण कोण निजलंय हे कोणी उचलून बघत नाही. तुम्ही निजलेले आहात. निजून राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून जरा जास्त लिहितेय. शाळा तपासायला साहेब आले होते, आठवतंय? फ्रेंच शिकवायला बंदी होती. सिस्टर मारी-अनसेल्मनी पुस्तकं शेगडीच्या लाकडांच्या पेटीत घातली आणि आपण सगळ्या हात जोडून बसलो. साहेबांनी तुझ्याच बाकापाशी थांबून विचारलं, "काय गं मुली, तू प्रार्थना कुठल्या भाषेत करतेस?" आणि तू उभी राहून म्हणालीस, "फ्रेंचमध्ये, सर. पुस्तकं लाकडांच्या पेटीत आहेत."

सिस्टर तुला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण ते वर्षभर आपल्याला फ्रेंच वाचायला मिळालं नाही.

तुझी,
लेओनी


सेंट ओदिल,
१२ जानेवारी १९९७

प्रिय लेओनी,

तुझं पत्र पोचलं. नाताळच्या आधीच पोचलं होतं, पण उत्तर काय द्यावं हे ठरत नव्हतं. आता ठरलंय, आणि ते तुला आवडणार नाही.

मी मिस्टर विकहॅमना लिहिलं. तुझं नाव कुठेही घातलं नाही. आमच्या कामाच्या कायद्याची मुदत संपल्याचं कळलं, तरी तो नव्याने करावा, आम्ही काय करतो ते सांगायला मी येऊ शकते, एवढंच. पानभरसुद्धा नाही. काल त्यांचं उत्तर आलं, छान जाड कागदावर. मार्चमध्ये सुनावणी आहे आणि त्यांनी मला बोलावलंय. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'कोणी आपण होऊन परवानगी मागतंय, हे मी पहिल्यांदाच पाहतो आहे.'

लाकडांच्या पेटीबद्दल. साहेबांनी विचारलं, मी सांगितलं. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हे सिस्टरनीच शिकवलं होतं. कोणी विचारलं तर हे शिकवलेलं विसरायचं, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

तू पांघरुणाचं लिहिलंस. लेओनी, पांघरूण एक ना एक दिवस कोणीतरी ओढणारच. त्या वेळी आम्हाला काही माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. तू मला ते माहीत करून दिलंस.

तुझ्याकडे उतरले तर चालेल ना? सोफ्यावर झोपेन. घोरते, हे तुला ठाऊक आहेच.

देल्फीन


सेंट ओदिल,
३० मार्च १९९७, ईस्टर

प्रिय लेओनी,

सुखरूप पोचले. बँगरपासून पुढे बस रिकामी होती आणि ड्रायव्हर अर्मांद सायरचा मुलगा निघाला, त्यामुळे त्याने मला थेट दारात सोडलं.

तुझ्याकडे झालेले लाड आठवत आता इथे घट्ट झालेला कोंबडीचा रस्सा खातेय. एवढ्या वर्षांनी एका स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो, तेच मला त्या सगळ्या प्रवासात जास्त मोलाचं वाटलं. तुझे केस पांढरे झालेत हे पत्रातून कळत नव्हतं.

सुनावणी चांगली झाली, नाही का? मी धास्तावले होते ते बोलायची वेळ दाखवणाऱ्या त्या दिव्यांना. हिरवा, पिवळा, लाल. पाच मिनिटांत माणूस काय सांगणार? पण बर्फाला भोक कसं पाडतो, जाडी कशी मोजतो, रात्री बर्फ कण्हायला लागलं की ते कुठलं कण्हणं साधं आणि कुठलं वाईट, एवढं सांगून झालं. लाल दिवा लागला तेव्हा मी वाक्याच्या मध्येच थांबले. मिस्टर विकहॅम हसले आणि म्हणाले, "मॅडम, वाक्य पुरं करा. आमच्यातलं कोणी असं थांबत नाही."

मग त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी तुमच्या राखणीमुळे किती जीव वाचले?" मी म्हटलं, "एकही नाही, सर. गेल्या वर्षी बर्फ शांतपणे गेलं." "त्याच्या आधीच्या वर्षी?" "तेव्हाही नाही." लोक आधीच निघतात म्हणून, हेही मी सांगितलं. ते म्हणाले, "या खुर्चीवर बसून इतकं खरं बोललेलं मी फार थोडं ऐकलंय. आभारी आहे." तू मागे बसून खाली बघत होतीस. तुला माझा अभिमान वाटला असेल तर सांग, मी कोणाला सांगणार नाही.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "तुमचा कायदा मी करून देतो." ओनेझिमला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "माणूस शेतकरी दिसतो." मी म्हटलं, "कशावरून?" तो म्हणाला, "आधी बांध घालतो, मग पाणी सोडतो."

बर्फ अजून हललेलं नाही.

देल्फीन


वॉशिंग्टन,
१८ एप्रिल १९९७

प्रिय देल्फीन,

तू अभिमानाचं विचारलंस. वाटला. पण मी खाली बघत होते ते त्यामुळे नव्हे.

मिस्टर विकहॅम सज्जन आहेत. ते दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि माझी काळजी तीच आहे. त्यांचा दुसराही एक शब्द आहे, सुनावणीत तू गेल्यानंतर दिलेला: आधी कायदा, मग पैसे. कुठल्याही कामाला अपवाद नाही. तुमचं विधेयक त्यांनी स्वतः मांडलंय. ते उन्हाळ्याच्या आत पुरं व्हावं अशी प्रार्थना कर, कारण पैशांचं विधेयक जुलैमध्ये येतं.

तुझं 'एकही नाही' कामकाजाच्या नोंदीत छापून आलंय. त्याच्यापुढे तू जे बोललीस, की लोकांना आधी कळतं म्हणून ते आधी निघतात आणि म्हणून कोणी वाचवावं लागत नाही, तेही छापलंय. पण ते पुढच्या पानावर आहे, आणि लोक पहिली ओळ वाचतात.

बर्फ गेलं का?

तुझी,
लेओनी


वॉशिंग्टन,
२५ जुलै १९९७

प्रिय देल्फीन,

वाईट बातमी लांबवत नाही.

पैशांचं विधेयक काल सभागृहात आलं. तुमच्या विधेयकावर अजून सही व्हायची आहे. ते दुसऱ्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, अडकलंय, पाणीपुरवठ्याच्या एका मोठ्या विधेयकाला जोडलेलं आहे. मुदत संपलेल्या काही ओळींवर या वेळी पांघरूण घातलं गेलं नाही, त्यांत तुमची होती. त्या ओळीशी आल्यावर एका सभासदाने हरकत घेतली. पीठासनावरून विचारलं गेलं, कोणाला काही म्हणायचं आहे का. कोणी काही म्हटलं नाही. हरकत मान्य झाली, ओळ गळली. तुला पत्राचं पाकीट फोडायला लागेल त्याहून कमी वेळ लागला.

अजून सगळं संपलेलं नाही. सिनेटवाले ती ओळ परत घालू शकतात. मी तिथे दोघांशी बोलले. त्यांनी तुझ्या सुनावणीची नोंद मागवून घेतली.

मला फार वाईट वाटतंय.

लेओनी


सेंट ओदिल,
९ ऑगस्ट १९९७

लेओनी,

पत्र मिळालं.

माझा भाऊ ऑरेलने केबल घेतलीय. बेसबॉलसाठी घेतली, पण तिच्यावर सभागृहाचं कामकाजही दिसतं. तू एप्रिलमध्ये जुलै म्हणाली होतीस, म्हणून मी रोज दुपारी त्याच्याकडे जाऊन बसायचे. वहिनी म्हणायची, "याच्यापेक्षा गवत वाढताना बघितलं तर बरं." त्या दिवशीही मी बसले होते.

एक सभासद, असं तू लिहिलंस. ते मिस्टर विकहॅम होते. त्यांनी एका कागदावरून वाचलं. तो कागद त्यांच्या हातात तू दिलास. शेजारी बसली होतीस, आपण दोघींनी मिळून घेतलेल्या त्या हिरव्या जाकिटात.

यावर मला काही म्हणायचं नाही. तुझं ते काम आहे. फक्त तू ते लिहायला हवं होतंस.

देल्फीन


वॉशिंग्टन,
२७ ऑक्टोबर १९९७

प्रिय देल्फीन,

ऑगस्टपासून मी तीन पत्रं लिहिली आणि पोस्टात टाकली नाहीत. त्यांच्यात खुलासे फार होते.

हो, कागद मी टाइप केला आणि मीच दिला. कुठल्या ओळी उघड्या ठेवायच्या, ती यादीही माझ्याच टेबलावरून गेली. तुमची ओळ तिच्यातून वगळता आली असती का? तुझं पत्र आलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. पण तुझं पत्र फाइलमध्ये सगळ्यात वर होतं, त्याच्यावर मिस्टर विकहॅमनी लिहिलं होतं, 'आदर्श प्रकरण.' ते वगळून बाकीच्यांची नावं लिहायला माझा हात धजला नाही. मीही त्याच शाळेत शिकले गं. तुला लिहायला मात्र हवं होतं. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

आता बातमी. राष्ट्राध्यक्षांची सही झाली. बर्फराखण पुन्हा कायद्यात आली, पाच वर्षांसाठी. विधेयकाची प्रत सोबत पाठवतेय. तुमचं कलम शेवटाकडे आहे, एका धरणाच्या नावबदलानंतर. त्यात लिहिलंय की कार्यक्रम चालू राहील, राखणदार नेमले जातील आणि दर वर्षी समितीला अहवाल दिला जाईल.

सिनेटवाल्यांनी ओळ परत घातली नाही. 'एकही नाही' वाचून ते म्हणाले, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. या वर्षाची पैशांची विधेयकं आता मिटली.

म्हणजे इतकी वर्षं तुमच्याकडे पैसे होते, परवानगी नव्हती. आता परवानगी आहे, पैसे नाहीत. मिस्टर विकहॅमना मी हे असंच्या असं सांगितलं. ते म्हणाले, "पण आपण कायदा केला ना?" ते खरोखर खूश होते. त्यांनी तुला शुभेच्छा कळवल्या आहेत.

तुझी,
लेओनी


सेंट ओदिल,
१८ जानेवारी १९९८

प्रिय लेओनी,

विधेयकाची प्रत मिळाली. ऑरेलने आमचं कलम शोधून दिलं. वाचायला चांगलं वाटतं.

तू यादीबद्दल लिहिलंस त्यावर मी बरेच दिवस विचार केला. तुझ्या जागी मी असते तर मीही वगळलं नसतं. मला राग आला होता तो मला ते टीव्हीवर बघावं लागलं याचा. तो आता गेलाय. सगळा नाही, पण गेलाय.

इथलं सांगते. मानधन थांबल्यावर दोघांनी सोडलं. त्यांना दोष नाही; जंगलात लाकूडतोड मिळत असताना फुकट बर्फावर कोण जाईल? बाकीचे आहेत. मादाम डेग्ल म्हणाली, "आधी पैसे मिळायचे तेव्हा मला नोकरी केल्यासारखं वाटायचं. आता पुन्हा चहाडी केल्यासारखं वाटतं, नदीची."

ओनेझिमही आहे, पण वळणावरचा टेलिफोन कापला. ती तार केवळ राखणीसाठी एवढ्या लांब ओढलेली होती आणि बिल मोठं यायचं. आम्ही वर्गणी काढू म्हटलं तर ओनेझिम चिडला. म्हणाला, "माझ्या घरच्या टेलिफोनला गावाची भीक नको. ट्रक आहे माझ्याकडे. बर्फ हललं की मी ट्रक घेऊन येतो." मी म्हटलं, "रस्ता नदीला लागून आहे, ओनेझिम." तो म्हणाला, "नदी माझ्याहून म्हातारी आहे. ती काय पळणार?"

बर्फ यंदा जाड आहे आणि त्यात थर आहेत. मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलंय. मला ते आवडत नाही.

देल्फीन


सेंट ओदिल,
२० एप्रिल १९९८

प्रिय लेओनी,

कायद्यात म्हटलंय की दर वर्षी समितीला अहवाल द्यायचा. तो कसा लिहितात मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते लिहितेय. एक प्रत फाइलला लाव, एक तुझ्याजवळ ठेव.

गेल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस पडला, आणि बर्फ दुपारी वळणावर फुटलं. ओनेझिमने ते पाहिलं. पहिले तुकडे एकमेकांवर चढले तेव्हाच त्याला कळलं होतं. एरवी त्याच घटकेला त्याचा फोन आला असता, आणि आम्हाला खालची आळी रिकामी करायला दुपार मिळाली असती. आजवर कायम मिळाली.

या वेळी तो ट्रकमध्ये बसला. पहिल्याच उताराशी रस्ता पाण्याखाली होता. तो मागे फिरून जंगलाच्या वाटेने निघाला, तिथे चिखलात चाकं रुतली. मग तो चालत आला. तो गोदामाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. पण बोलायची गरजही नव्हती, कारण चर्चची घंटा वाजायला लागली होती. पाणी त्याच्या आधी पोचलं होतं.

खालच्या आळीत बर्फाचे तुकडे घरांच्या पडव्यांपर्यंत आले. मेलं कोणी नाही. लोक माडीवर चढले, अर्मांदच्या मुलाने होडी घातली. म्हाताऱ्या मादाम रूसेलना खिडकीतून काढताना त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या बँगरच्या इस्पितळात आहेत आणि परत चालतील असं डॉक्टरांना वाटत नाही. बेकरीची भट्टी गेली. ऑरेलच्या तळघरातलं बियाणं गेलं.

तीन दिवसांनी ओनेझिम माझ्या दारात आला. म्हणाला, "मी पाहिलं होतं, देल्फीन." मी म्हटलं, "मला माहीत आहे." तो म्हणाला, "तू सगळ्यांना सांग, मी पाहिलं होतं." मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगतेय. समितीलाही सांग. त्याची मुलगी त्याला कनेक्टिकटला घेऊन जातेय. घर बंद राहील.

वळणावर आता कोणी नाही. पुढच्या हिवाळ्यात तिथे कोणाला बसवायचं, मला माहीत नाही. तरुण कोणी एवढ्या लांब एकटं राहायला तयार नाही, आणि वळण मोकळं असेल तर आमच्या बाकीच्यांच्या राखणीला काही अर्थ नाही.

अहवाल संपला.

देल्फीन सूसी,
बर्फराखण, सेंट जॉन नदी, वरचा टप्पा


वॉशिंग्टन,
११ मे १९९८

प्रिय देल्फीन,

अहवाल फाइलला लावला. मिस्टर विकहॅमनी तो माझ्यासमोर वाचला, सगळा. चष्मा काढून विचारलं, "यांच्याकडे टेलिफोन का नव्हता?" मी म्हटलं, "त्याचे पैसे त्या ओळीतून जात होते, सर." त्यांनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी ही ओळ मी स्वतः बघतो." आणि ते बघतील; यंदाच्या विधेयकातल्या ओळी आधीच ठरून गेल्यात. पण पुढच्या वर्षीचे पैसे हातात यायला त्याच्या पुढचा हिवाळा उजाडेल. मधला एक हिवाळा कोणाच्याच विधेयकात नाही.

ओनेझिमने पाहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. नोंदीत घातलं.

आता माझं. निवृत्तिवेतनासाठी लागणारी माझी वर्षं केव्हाच पुरी झालीत. मी इथे राहिले ती दुसरीकडे कुठे जायचं हे सुचत नव्हतं म्हणून. उन्हाळ्यानंतर मी इथून मोकळी होतेय. कनेक्टिकटला ओनेझिमच्या मुलीशी बोलले. घर भाड्याने द्यायला ती तयार आहे, पण छप्पर गळतं म्हणाली. टेलिफोन कंपनीशीही बोलले. तार अजून खांबांवर आहे, जोडून देतात. ती माझ्या नावावर घेतेय, म्हणजे गावाच्या वर्गणीचा प्रश्न येत नाही आणि कोणी ती तुमच्या ओळीसारखी गाळूही शकत नाही.

कायद्यात राखणदार नेमायचा अधिकार तुला दिलाय. वयाची अट नाही, मी तपासलं. मला बर्फातलं काही कळत नाही, हेही तुला ठाऊक आहे. शिकेन. शिकवलेली गोष्ट मला लवकर येते, असं सिस्टर म्हणायच्या.

हा अर्ज समज. नको असेल तर नको लिही. दया म्हणून हो लिहू नकोस.

तुझी,
लेओनी


सेंट ओदिल,
१९ मे १९९८

प्रिय लेओनी,

अर्ज मिळाला. दया कोणावर करायची, तुझ्यावर की वळणावर?

बाकीच्यांना विचारलं. मादाम डेग्ल म्हणाली, "वॉशिंग्टनची बाई? पहिल्याच थंडीत रडेल." ऑरेल म्हणाला, "रडू दे, टेलिफोन तर आहे ना." म्हणजे तुझी नेमणूक एकमताने झाली.

छप्पर ऑरेल आणि अर्मांद या महिन्यात बघतील. शेगडी चांगली आहे. विहिरीचं पाणी लोखंडी लागतं, सवय होते. घरापासून काठापर्यंत दोरी बांधलेली आहे, ती कधी सोडायची नाही, ऊन पडलं असलं तरी. बर्फ कण्हायला लागलं की मला फोन करायचा, वेळ बघायची नाही. चुकून दहा वेळा केलास तरी मी रागावणार नाही. एकदा केला नाहीस तर रागावेन.

आणि हिवाळ्याची वाट बघत बसू नकोस, ऑगस्टमध्येच ये. आपण होडीतून सबंध वळण फिरू, खडक कुठे आहेत, पाणी कुठे खोल आहे, कुठे थबकतं ते दाखवते. वाहती नदी ज्याने पाहिली नाही त्याला गोठलेली कळत नाही.

तुझी,
देल्फीन